सरावाच्या फोल्डरातला स्फोट

चूक झाली की लगेच कबूल करा, असं मी वीस वर्षं विद्यार्थ्यांना बजावत आले. वर तोऱ्यात सांगायचे, विज्ञानात चुकीला शिक्षा नसते, लपवण्याला असते. पोरं माना डोलवायची आणि मी स्वतःवर खूश व्हायचे. आता ते आठवलं की कानशिलं तापतात.

मी मृण्मयी खांबेटे, वय त्रेपन्न. तोरणमाळच्या पठारावर पाण्याच्या तीनशे टाक्यांची वेधशाळा आहे, तिची मी आठ वर्षं शास्त्रीय प्रमुख होते. बोलायला फटकळ आहे. लोक म्हणायचे, मॅडम तोंडाच्या कडक पण मनाच्या चांगल्या. तोंडाचं खरं आहे. मनाचं तुम्ही पुढे वाचून ठरवा.

वेधशाळा म्हटलं की लोकांना दुर्बीण दिसते. आमच्याकडे दुर्बीण नाही. पत्र्याच्या मोठाल्या बंद टाक्या, आत यशवंत तलावातून आणून चारदा गाळलेलं पाणी, आणि तळाशी प्रकाश टिपणाऱ्या काचेच्या नळ्या. आकाशातून जबरदस्त ऊर्जेचा गॅमा किरण आला की हवेत कणांचा सडा पडतो. ते कण पाण्यात शिरले की निळसर चमक उठते आणि नळ्या ती टिपतात. दिवसाढवळ्या, ढगात, धुक्यात, कधीही चालतं. लडाखची उंची मिळाली असती तर कण आणखी दाट मिळाले असते, पण तिथे टाक्यांचा बर्फ होतो.

आम्ही वाट बघत होतो ती एका मरणाची. कृष्णविवर सगळं गिळतं आणि काही परत देत नाही, अशी आपली समजूत. पण पुंजभौतिकीच्या, म्हणजे क्वांटमच्या नियमाने तेही थोडं थोडं झिरपतं. झिरपलं की लहान होतं, लहान झालं की तापतं, तापलं की आणखी जोरात झिरपतं. मोठ्या विवरांना यात अब्जावधी वर्षांच्याही अब्जावधी पटी लागतात. पण विश्वाच्या जन्मावेळी डोंगराएवढ्या वस्तुमानाची आणि अणुगर्भाएवढ्या आकाराची विवरं बनली असतील, तर ती नेमकी आपल्या काळात संपायला हवीत. शेवटच्या काही सेकंदांत एक भपका, आणि खेळ खलास.

त्या भपक्यासाठी सगळा खटाटोप. कारण शेवटाला आलेलं विवर निसर्गात जेवढ्या जातींचे कण आहेत तेवढ्या सगळ्या जाती बाहेर टाकतं, आपल्या ओळखीच्या असोत वा नसोत. टाकीला नळ जास्त असले की ती लवकर रिकामी होते, तसंच हे. पुस्तकातले सगळे कण धरले तर तेजाची शेवटची चढण नऊ सेकंदांची यायला हवी. ती त्याहून आधी संपली, तर आपल्याला माहीत नसलेले नळ आहेत, म्हणजे अतिउच्च ऊर्जेवर निसर्गाचे नियम आपण शिकवतो त्याहून वेगळे आहेत. पृथ्वीवरचं कुठलंही यंत्र त्या ऊर्जेच्या जवळपास पोचत नाही.

असा भपका एखाद्या माणसाच्या उभ्या आयुष्यात आमच्या टाक्यांच्या टप्प्यात एकदा येईल, किंवा येणारही नाही. मग वाट बघणारी माणसं पेंगतात. म्हणून आमच्याकडे एक पद्धत होती, तिला आम्ही इंजेक्शन म्हणायचो. वर्षातून दोनतीनदा मी गुपचूप एक बनावट भपका येणाऱ्या डेटात मिसळायचे. दिवस, तीन तासांची खिडकी आणि भपक्याची लांबी मी भरायची, नेमका क्षण आणि आकाशातली जागा संगणक स्वतः निवडून आपल्या नोंदीत लिहायचा. ती नोंद फक्त माझ्या पासवर्डने उघडायची. दिवस आणि खिडकी कागदावर लिहून बंद पाकिटात घालायची आणि पाकीट नियंत्रण कक्षातल्या कपाटात ठेवायचं. शिफ्टवरच्या माणसाला भपका दिसला तर त्याने तो खरा समजूनच सगळं करायचं, जगातल्या सहा वेधशाळांना इशारा पाठवण्यापर्यंत. नंतर मी पाकीट उघडायचं, नोंद ताडून बघायची, आणि खोटा असेल तर इशारा मागे घ्यायचा.

नोंद ताडून बघायची. हे शब्द नियमावलीत आहेत आणि नियमावली मीच लिहिली आहे.

रायसिंग पावरा आमचे शिफ्ट ऑपरेटर होते. पठाराखालच्याच पाड्यातले, शहाद्याच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेले. टाक्या बसवायच्या वेळी तारा जोडायला म्हणून आले आणि नियंत्रण कक्षापर्यंत पोचले. पुण्याहून येणारी आमची पीएचडीची पोरं पडद्यावर आकडे बघायची, रायसिंगभाऊ टाक्या बघायचे. "एकशे बारा खोकतेय मॅडम," म्हणायचे, आणि खरंच एकशे बारा नंबरच्या टाकीची नळी दोन दिवसांनी जायची. मी त्यांचं सगळ्यांसमोर कौतुक करायचे. कौतुक करणं सोपं होतं, ते माझ्या हाताखाली होते.

२०३७ सालच्या जानेवारीतला मंगळवार. खिडकी मी सकाळी अकरा ते दुपारी दोन अशी ठेवली होती. अकरा बेचाळीसला भपका आला. अकरा पन्नासला रायसिंगभाऊंचा फोन आला, मी माझ्या खोलीत पोह्यांची बशी घेऊन बसले होते.

"मॅडम, या. लगेच या."

मी मुद्दाम सावकाश गेले. मला माहीत होतं ना काय झालंय! गेले तर हा माणूस उभा राहून काम करत होता, खुर्ची मागे ढकललेली. सगळ्या तपासण्या त्यांनी सहा मिनिटांत केल्या होत्या आणि इशारा पाठवूनही दिला होता. चेहरा असा की मला वाईट वाटलं. कुणाची इतकी साधी फसवणूक करायची म्हणजे जिवावर येतं.

"बघा," ते म्हणाले. "चढला, चढला, आणि इथे एकदम तुटला. दोन पॉइंट सहा सेकंद. नऊ नाही."

दिल्लीहून फोन, जपानहून फोन, आमचे संचालक सोहोनी सर पुण्याहून ओरडतायत. मी साडेबाराला पाकीट काढलं, सगळ्यांसमोर फाडलं आणि वाचलं. मंगळवार, अकरा ते दोन. खोलीतली हवाच गेली. कुणीतरी हसलं, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, सराव उत्तम झाला म्हणून. नियमाप्रमाणे मी इंजेक्शनचं यंत्र बंद केलं आणि इशारा मागे घ्यायला बसले.

रायसिंगभाऊ माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"मॅडम, इंजेक्शनचा भपका पुस्तकातल्या कणांवरून बनवता ना तुम्ही?"

"हो."

"मग तो नऊ सेकंदांचा पाहिजे. हा दोन पॉइंट सहाचा कसा?"

खोटं कशाला बोलू, मी नऊचाच भरला होता. निदान मला तसं आठवत होतं. पहिला विचार आला तो असा की, आकडा भरताना माझा हात चुकला असणार. आणि सहा देशांचे फोन चालू असताना, बारा लोक बघत असताना, ती चूक एका ऑपरेटरने पकडली होती.

"नोंद उघडून बघता का एकदा?" त्यांनी विचारलं.

"रायसिंगभाऊ, मीच टाकलंय, मला माहीत नाही का?" मी म्हणाले. "शेवट मी मुद्दाम लवकर तोडला होता. तुम्ही पकडता का ते बघायला."

सगळे हसले. तेही हसले, पण जरा उशिरा. "असं होय," म्हणाले.

एवढंच खोटं होतं. वीसेक शब्दांचं. बोलायला पाच सेकंदसुद्धा लागली नसतील.

इशारा मागे घेतला आणि सहाही वेधशाळांनी आपापला कच्चा डेटा पुसून टाकला. त्यांच्याकडे तो सहा तासच राहतो, कुणी जपून ठेवा म्हणालं तरच ठेवतात. आमचा डेटा तेवढा राहिला, कारण इंजेक्शनं आम्ही 'सराव' नावाच्या फोल्डरात नव्या मुलांना शिकवायला ठेवतो.

रायसिंगभाऊंनी त्यानंतर मला दोन मेल केले. भाषा अगदी नम्र. माझं समाधान होत नाही, एकदा नोंद दाखवाल का. पहिल्याला मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्याला लिहिलं, विषय संपला आहे. पण त्यांच्याकडे बघितलं की मला माझंच खोटं दिसायचं, आणि त्याचा राग मी त्यांच्यावर काढायला लागले. चहा का सांडला, शिफ्टची वही तिरकी का भरली, असलं काहीबाही. मार्चमध्ये त्यांच्या कंत्राटाच्या नूतनीकरणाचा फॉर्म आला. शेऱ्याच्या चौकटीत मी लिहिलं, सूचना पाळत नाहीत, वरिष्ठांशी वाद घालतात. कंत्राट वाढलं नाही. जाताना ते भेटायला आले होते. मी मीटिंगमध्ये आहे असं सांगायला लावलं. नव्हते मीटिंगमध्ये. दार बंद करून आत बसले होते.

दोन वर्षं गेली. यंदाच्या फेब्रुवारीत अँडीज पर्वतातल्या एका वेधशाळेला भपका दिसला, खराखुरा, जगातला पहिला. शेवटची चढण साधारण अडीच सेकंद आणि मग तुटलेली. जग दोन दिवस नाचलं आणि तिसऱ्या दिवशी शंका काढायला लागलं. एकाच यंत्राने एकदाच पाहिलेलं, यंत्रच बिघडलं असेल, असं मोठी मोठी माणसं बोलायला लागली. त्यांच्या प्रमुख बाईंना एका परिषदेत लोकांनी जवळजवळ रडवलं. मी ते माझ्या खोलीत बसून बघत होते आणि त्यांचा आलेख पडद्याच्या कोपऱ्यात होता. तो मी आधी पाहिला होता.

सरावाचं फोल्डर उघडलं. दोन आलेख एकावर एक ठेवले तर एकच रेघ दिसत होती.

मग दोन वर्षांपूर्वी उघडायची ती नोंद उघडली. त्यात लिहिलं होतं: नियोजित खिडकी अकरा ते चौदा, ग्रिनिच वेळ. स्थिती, रद्द. प्रक्षेपण झाले नाही.

ग्रिनिच वेळ! आमचं प्रत्येक यंत्र ग्रिनिच वेळेवर चालतं, भारतीय घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे, हे आम्ही पहिल्या दिवशी पोरांना घोकून घेतो. आणि मी मनगटावरचं घड्याळ बघून अकरा ते दोन भरून मोकळी झाले होते. यंत्राच्या लेखी ती खिडकी संध्याकाळी साडेचारला उघडणार होती, आणि साडेबाराला तर मी यंत्रच बंद केलं. माझं इंजेक्शन कधी गेलंच नाही. अकरा बेचाळीसला जे आलं ते विश्वाच्या जन्मापासून झिरपत आलेलं एक खरं विवर होतं, मरताना आमच्या टाक्यांच्या टप्प्यात आलेलं. पृथ्वीवर ते एकाच माणसाने ओळखलं, आणि त्याला मी सगळ्यांसमोर वेड्यात काढलं.

त्या दिवशी मी जेवले नाही. बाथरूममध्ये नळ सोडून रडले. लाज वाटली, भीती वाटली, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मनात एक हिशोबी आवाज म्हणत होता की हे अजून कुणालाच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सोहोनी सरांना पुण्यात जाऊन सांगितलं. माणूस म्हणून ते वाईट नाहीत. बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"हा दुसरा पुरावा आहे, मृण्मयी," ते म्हणाले. "एक स्फोट योगायोग म्हणता येईल, दोन म्हणता येणार नाहीत. ताबडतोब पेपर लिही. वेळेच्या नोंदीत गफलत झाल्यामुळे घटना चुकून इंजेक्शन म्हणून नोंदली गेली, असं एका ओळीत घाल. खरंच तसं झालं ना?"

"झालं."

"मग? बाकी गोष्टी खासगी आहेत. आणि त्या पावराचं नावही घाल. खूश होईल तो."

मी तसाच लिहिला. चार दिवसांत लिहून झाला, दोन लेखक, आर. पावरा आणि एम. खांबेटे. त्यांचं नाव आधी घातलं म्हणून मला थोडं हलकंसुद्धा वाटलं. काय माणूस असतो बघा.

रायसिंगभाऊ आता धडगावला सौरपंप दुरुस्त करतात. फोनवर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून गाडी काढून गेले. नेमका होळीआधीचा भोंगऱ्या बाजाराचा दिवस निघाला. रस्ताभर ढोल, नवे कपडे घातलेली माणसं, गाडीला वाटच मिळेना. दुकान बंद होतं, शेजाऱ्याने घर दाखवलं. ते अंगणात बाजारात जायच्या तयारीत उभे होते. मला बघून त्यांनी आत हाक मारून पाणी आणायला सांगितलं. त्यांची मुलगी रंजना पाणी घेऊन आली. बारावीत होती. मला ओळखत नव्हती, ते एक बरं.

"बोला मॅडम."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ग्रिनिच वेळ, रद्द झालेलं इंजेक्शन, अँडीजचा आलेख. ते ऐकत होते. मान खाली, हाताच्या बोटांना सोल्डरचे डाग. माझं बोलणं संपल्यावर बाहेरचे ढोल एकदम मोठे वाटायला लागले.

"म्हणजे खरा होता," ते म्हणाले.

"खरा होता."

"त्या दिवशी तुमच्या आधी मी घरी फोन केला होता. हिला सांगितलं होतं, बाबाने आज असं काही बघितलं जे कुणी बघितलं नाही." त्यांनी दाराकडे बघितलं, रंजना तिथेच उभी होती. "रात्री घरी येऊन सांगितलं, बाबा चुकला. हिने विचारलं कसा चुकला. मला सांगता येईना. मी दोन महिने सांगायचा प्रयत्न करत होतो, मॅडम. शेवटी मला खरंच वाटायला लागलं की मी चुकलो. तुम्ही म्हणालात म्हणून."

मी म्हणाले, "माफ करा, रायसिंगभाऊ."

मी लॅपटॉप पुढे केला. ते खाटेवर बसले आणि पहिलं पान वाचायला लागले. त्यांचं वाचणं सावकाश, बोट फिरवत. एका ओळीवर बोट थांबलं.

"इथे घड्याळाची चूक लिहिलीय."

"हो. ती माझीच चूक, तसं स्पष्ट लिहिलंय."

"घड्याळाची चूक कुणाचीही होते. माझीपण झाली असती. तिचं काही नाही." त्यांनी मान वर केली. "पण मी तुम्हाला विचारलं होतं. नोंद बघा म्हणालो होतो. तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते इथे नाही."

"असल्या पेपरात ते..." मी म्हणाले, "तसं लिहायची पद्धत नाही."

"मग वाचणाऱ्याला काय कळणार? घड्याळ चुकलं, म्हणून स्फोट हरवला. असं झालं का, मॅडम?"

मी नकारार्थी मान हलवली. मी दारापुढच्या पायरीवर बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पानाखालच्या टिपेत लिहिलं. शिफ्टवरील निरीक्षक पावरा यांनी त्याच वेळी विसंगती दाखवली आणि नोंद तपासण्याची विनंती केली. डॉ. खांबेटे यांनी नोंद न तपासता, शेवट मुद्दाम बदलल्याचे खोटे सांगितले. त्यामुळे इतर सहा वेधशाळांचा डेटा नष्ट झाला. इंग्रजीत लिहिताना 'खोटे' या शब्दाऐवजी तीन सौम्य शब्द सुचले. तिन्ही खोडले. मग ती टीप त्यांना वाचून दाखवली. रंजनाही ऐकत होती, आणि आता तिला मी कोण ते कळलं होतं. तिची नजर मला सोसवेना.

"ठीक," ते म्हणाले. मला वाटलं झालं. मी उठायला लागले.

"एक विचारू?"

"विचारा ना."

"त्या दिवशी पडद्यावर तुम्ही काय बघितलं?"

"तोच आलेख. तुम्ही दाखवलात तो."

"नाही. मी स्फोट बघितला. तुम्ही काय बघितलं?"

"मी... मला वाटलं इंजेक्शन आहे."

"ते तर गेलंच नव्हतं."

"नव्हतं गेलं."

"मग काय बघितलं?"

आवाजात राग नव्हता. टाकी का बिघडली ते शोधताना विचारायचे तसंच विचारत होते. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते माझ्या डोळ्यांपुढे दोन फुटांवर होतं आणि मी पोह्यांची बशी टाकून सावकाश चालत आले होते.

"काहीच नाही," मी म्हणाले.

त्यांनी पडद्यावरच्या दुसऱ्या नावावर बोट ठेवलं.

"मग हे इथे कशाला?"

मला सांगावंसं वाटलं की वेधशाळा मी उभी केली, टाक्यांची जागा मी शोधली, वीस वर्षं घातली, दुसरं काही मिळवलेलं नाही मी. हे सगळं खरं होतं. तोंड उघडलंही होतं. मग त्यांच्याकडे बघितलं आणि मिटलं. नावावर कर्सर नेला आणि एकेक अक्षर पुसत गेले. वर फक्त आर. पावरा राहिलं. खाली टिपेत माझं नाव होतं, त्या खोट्यापुरतं.

लॅपटॉप त्यांच्या हातात दिला. बाहेरून कुणीतरी त्यांना हाका मारत होतं, बाजाराला चला म्हणून. त्यांनी रंजनाला जवळ बोलावलं, खाटेवर शेजारी बसवलं आणि लॅपटॉप दोघांच्या मधे ठेवला.

"बसा," ते मला म्हणाले. "आता वाचतो."